नुसतं ‘ऐक’ म्हणणारी बाई

कडकबाईनं ख्रिस्ती मंडळीतून स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं कमी केलं, आणि ते तिला कळायला तीन आठवडे लागले.

कडकबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं. तिच्या हातून गेलेल्या शर्टाची कॉलर अशी उभी राहायची की घालणाऱ्याला मान वाकवायची चोरी. आणि जीभ त्या कॉलरीहून कडक. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, जरा लवकर द्या," की ही म्हणणार, "लवकर हवा तर चुरगळलेला घाला. नवरदेव थोडेच आहात?" तर नाव पडलं ते पडलं. नवऱ्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात दुसरं माणूस एकच, मागच्या खोलीत राहणारी नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे हिच्या वन्सं.

नाकावर माशी बसू न देणाऱ्या या बाईनं एक गोष्ट जन्मभर झाकून ठेवली होती. तिला वाचता येत नव्हतं. सही येत होती, आकडे येत होते, बाकी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. कपडे कुणाचे ते कळावं म्हणून इतर इस्त्रीवाले आतून नाव लिहितात. ही शिवणीत रंगीत दोऱ्याचे टाके घालायची. डॉक्टरांचे दोन लाल, शाळेच्या बाईंचा एक हिरवा, समोरच्या न्हाव्याचा आडवा निळा. लोक म्हणायचे, काय बाईंची पद्धत, शाई धुऊन जाते, टाका कुठे जातो! बाई नुसती मान हलवायची.

देवळातही तेच. उपासनेचं पुस्तक उघडून हातात धरायची, आणि शेजारी बसलेल्या शिंपीणबाईनं पान उलटलं की आपणही उलटायची. एकतीस वर्षं दोघींचं एकच बाक. शिंपीणबाईला वाटायचं, काय आपल्या दोघींचं जमतं, एका वेळी पान उलटतो!

त्या वर्षी मंडळीच्या पंचांनी सभासदांची यादी नव्यानं करायला घेतली. उपासना संपल्यावर चिटणिसानं दारात सगळ्यांना एकेक कागद दिला. कागदावर तीन चौकोन, हवा त्यात खूण करायची, खाली सही. कडकबाईनं कागद हातात घेऊन कपाळाला आठी घातली, जशी वाचणारी माणसं घालतात. मग हळूच शेजारी पाहिलं. शिंपीणबाईनं तिसऱ्या चौकोनात खूण केली. हिनंही केली, जरा ठसठशीतच, आणि खाली सही अशी झोकात ठोकली की चिटणीस म्हणाला, "वा!"

शिंपीणबाई पुढच्याच महिन्यात मुलीकडे कायमची राहायला जाणार होती. ते सगळ्या मंडळीला माहीत होतं, कडकबाईलाही होतं. पण तिसऱ्या चौकोनासमोर ‘माझं नाव कमी करावं’ असं लिहिलेलं आहे, हे तिला कोण सांगणार?

पुढचे दोन रविवार कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या आठवड्यात मधल्याच एका दिवशी पाळकसाहेब दुकानात आले. तरुण माणूस, बोलायला मऊ. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यामागे संकोचून उभे राहिले.

"बाई, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकायचं? शर्ट आणलाय का?"

"शर्ट नाही." त्यांनी खिशातून कागद काढला. "हे तुम्ही विचार करून दिलंय ना? पंचांनी नाव काढलंसुद्धा. मला वाटलं, एकदा तोंडी विचारावं. एकतीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत."

कडकबाईनं कागद पाहिला. तिसरा चौकोन, ठसठशीत खूण, झोकदार सही. एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, मला वाचता येत नाही, शेजारणीचं बघून केलं. एवढंच. पण समोर न्हावी उभा, त्याच्याशेजारी शाळेच्या बाई. मोडेन पण वाकणार नाही, अशी ही जात.

"मीच दिलाय," ती म्हणाली. "विचार करूनच दिलाय."

"कारण कळेल?"

"कारण माझ्यापाशी."

पाळकसाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "बरं. पण दार उघडं आहे हो."

"दार काय, माझ्या दुकानाचंही उघडंच असतं," असं म्हणून तिनं इस्त्री अशी दाबली की कापडातून वाफ फुसकन वर आली.

साहेब गेले. त्या शनिवारी देवळातून प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड आलं नाही. तागाचं लांबलचक पांढरं कापड. एकतीस वर्षं ते तिच्याकडे यायचं. ती ते ओलसर असतानाच उलट्या बाजूनं दाबायची आणि घडीची रेघ पडू नये म्हणून काठीला गुंडाळून परत द्यायची. ज्या बाईनं मंडळी सोडली तिच्याकडे कापड कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी पाठवलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं. शनिवारी दुपारी कडकबाई मोकळं टेबल तीनदा पुसून बसली.

रविवारी तिनं नेहमीची पांढरी साडी नेसली, केस बांधले, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली. सभासद नसलेल्या माणसानं देवळात बसू नये असा काही नियम नव्हता. पण "विचार करून दिलाय" म्हणणारी बाई कोणत्या तोंडानं जाऊन बसणार? शिंपीणबाईही गेलेली, बाकावर आता दुसरंच कुणी बसत असेल. मग ती दुकानाचं दार ओढून घेऊन इस्त्रीच्या टेबलासमोर स्टुलावर बसली. म्हटलं, घरी करू प्रार्थना. देव काय तेवढ्याच चार भिंतींत असतो?

तिनं हात जोडले. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ तिला येत होती, सगळ्यांबरोबर म्हणून म्हणून पाठ झालेली. म्हटली. अर्ध्या मिनिटात संपली. मग?

मग ती गप्प बसली, कुणीतरी पुढचं म्हणेल म्हणून. कोण म्हणणार? थोड्या वेळानं तिच्या तोंडून आपोआप निघालं, "हे प्रभो, आमचं ऐक." ते ऐकून तिलाच कसंतरी वाटलं. देवळात पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी मागायचे, प्रवाशांसाठी मागायचे, मेलेल्यांच्या घरच्यांसाठी मागायचे, आणि प्रत्येक मागण्याला मंडळी म्हणायची, हे प्रभो, आमचं ऐक. साहेबांचं मागणं तिनं कधी ध्यानात धरलं नव्हतं. ते साहेबांचं काम. तिचं काम ‘ऐक’ म्हणायचं. एकतीस वर्षं तिनं नुसती उत्तरं पाठ केली होती. आता गोष्ट सांगणारा उठून गेला होता आणि ही एकटी बसून हुंकार देत होती.

"हूं," ती स्वतःशीच म्हणाली, उठली आणि चहा टाकायला गेली.

असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. आठवड्याचे सहा दिवस ती माणसांत असायची, पण ती माणसं कॉलर आणि कफापुरती. वन्सं होत्या, पण देवाचं बोलणं त्यांच्याशी काढायची सोय नव्हती.

वन्संचं वेगळंच होतं. त्या टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होत्या. म्हणायच्या, जन्मभर लोकांच्या तारा जोडल्या, आपली एक जुळली नाही. पंचविशीत त्यांना एकाशी लग्न करायचं होतं. तो मंडळीतला नव्हता, म्हणून त्या वेळच्या पाळकांनी लग्न लावायला नकार दिला. वन्सं "ठीक" म्हणाल्या. मग लग्नही केलं नाही आणि देवळाची पायरीही चढल्या नाहीत. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. हिनं मंडळी सोडल्याचं कळलं तेव्हा त्या चष्म्यावरून पाहत एवढंच म्हणाल्या होत्या, "माझा गुण लागला की काय तुला?"

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी ते लपवलं, मग जेवण टाकलं, तेव्हा कडकबाईनं ओढत डॉक्टरकडे नेलं. पोटात गाठ निघाली. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं.

सोमवारी संध्याकाळी कडकबाई चहा घेऊन मागच्या खोलीत गेली. वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"अगं, एक काम होतं."

"सांगा. पाय चेपू?"

"पाय मरू दे. माझ्यासाठी जरा प्रार्थना म्हण."

कडकबाईला वाटलं, चेष्टा करतायत. पण वन्संचे डोळे कपातल्या चहावर होते.

"पाळकसाहेबांना बोलावते ना," ती घाईनं म्हणाली. "चांगला माणूस आहे, येईल."

"नको. त्यांची भाषा मला रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटते. तू म्हण. तू मला तीस वर्षं बघितलंयस, त्यांनी काय बघितलंय?"

"मी?"

"मग काय भिंत? एकतीस वर्षं नेमानं गेलीस. काहीतरी शिकली असशीलच की."

कडकबाई पलंगाच्या कडेला बसली. हात जोडले, डोळे मिटले. खोलीत घड्याळ वाजत होतं. ती वाट पाहत राहिली. शेवटी तिनं घसा साफ केला आणि म्हणाली, "हे प्रभो, आमचं ऐक."

वन्संनी थोडा वेळ वाट पाहिली. मग एक डोळा उघडला. "काय ऐक म्हणतेस त्याला?"

"म्हणजे?"

"अगं, ऐक म्हणालीस. आता सांग की. फोन लावून नुसतं हॅलो हॅलो काय करतेस?"

कडकबाईचे कान तापले. दुसरं कुणी असतं तर तिनं सोलून काढलं असतं. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? "उद्या म्हणते," असं पुटपुटून ती त्यांच्या हातातला भरलेला कप तसाच काढून घेऊन बाहेर आली. आतून वन्सं म्हणाल्या, "अगं, चहा तरी ठेव," तेही तिला ऐकू आलं नाही.

मंगळवारी दिवसभर ती इस्त्री करताना शब्द जुळवत होती. पाळकसाहेबांसारखं काही आठवतंय का बघत होती. हे दयाळू… हे सर्व… आणि पुढं घोडं पेंड खायचं. कृपा, करुणा, सामर्थ्य, असे शब्द जिभेवर ठेवले की दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं वाटायचं. बँकेतल्या बाईंचा रेशमी ब्लाउज तिच्या हातून थोडासा करपला. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती तो पिवळा डाग बघत किती तरी वेळ उभी राहिली.

वन्संनी त्या दिवशी परत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी दोघी दवाखान्यात गेल्या. वन्संना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. खिडकीमागे कारकून मुलगी होती, तिनं दोन पानी कागद पुढं सरकवला. "नातेवाईक तुम्हीच ना? वाचा, चालणार असेल तिथं खूण करा, खाली सही."

कागदावर चौकोन होते. खूप होते. मागे रांग लागलेली. शेजारच्या खिडकीपाशी एक माणूस तसलाच कागद भरत होता, आणि कडकबाईची नजर सवयीनं त्याच्या पेनाकडे गेली. एक खूण त्यानं वर केली, एक खाली. ती बघत राहिली आणि एकदम तिनं नजर काढून घेतली. हा माणूस कुणाला घेऊन आलाय कुणास ठाऊक. त्याच्या माणसाचं काय कापणार आहेत कुणास ठाऊक. देवळाच्या कागदावर नाव गेलं होतं. या कागदावर वन्सं जातील.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. रांगेतल्या दोघांनी मान वळवली. "तुम्ही वाचून दाखवा. एकेक ओळ. घाई करू नका."

मुलीनं काही कपाळाला आठी घातली नाही. "बसा," म्हणाली, आणि वाचायला लागली.

सही करून कडकबाई खुर्ची ढकलत निघाली. वन्सं पुढं बघतच म्हणाल्या, "झालं एकदाचं."

"काय झालं?"

"बोललीस एकदाची. मला माहीत होतं की."

"काय माहीत होतं? कधीपासून?"

"घरात पत्र आलं की तुझे हात ओले असायचे. ‘वन्सं, वाचा जरा, माझे हात ओले आहेत.’ दर वेळी, गं! पोस्टमन काय तुझी भांडी घासायची वेळ बघून यायचा?"

कडकबाई थांबली. तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिनं दोन्ही गिळलं. "मग बोलला नाहीत कधी?"

"तू कुठं कधी बोललीस, मी लग्न का केलं नाही ते तुला माहीत आहे म्हणून?"

कडकबाई पुन्हा खुर्ची ढकलायला लागली. खुर्चीचं एक चाक करकरत होतं.

गुरुवारी सकाळी वन्संना हिरवा झगा चढवला, बांगडी काढून घेतली, केसांवर टोपी घातली. त्या टोपीत त्या एकदम लहान दिसायला लागल्या. ढकलगाडी दोन दारांपाशी येऊन थांबली. वॉर्डबॉय म्हणाला, "आतून बोलावतील, दोन मिनिटं." वन्संनी चादरीबाहेर हात काढला आणि कडकबाईचा हात धरला.

कडकबाईनं डोळे मिटले नाहीत. ती वन्संच्या तोंडाकडे बघतच बोलायला लागली.

"हे बघ, मला वाचता येत नाही. तुला माहीतच असणार. पुस्तकातलं मला काही म्हणता येणार नाही, आणि आता माझं नावही तुझ्या वहीत नाही, तेव्हा कुठल्या नात्यानं मागते म्हणशील तर मला सांगता येणार नाही. ही माझी वन्सं. चव्वेचाळीस वर्षं तुझ्या दारात आली नाही, पण त्यात तुझ्या माणसांची चूक आहे, आधी तेवढं लक्षात घे. जिभेनं माझ्याहून तिखट आहे. माझा नवरा गेला तेव्हा ही महिनाभर माझ्या ताटासमोर बसायची. एक शब्द बोलायची नाही, माझं ताट संपेपर्यंत उठायची नाही. तिचा भाऊ गेला होता, तिलाही दुःख होतं, पण तिच्यासमोर कुणी बसलं नाही. मीसुद्धा नाही. हे मी आज सांगते, आधी कधी सांगितलं नव्हतं. तिला आता भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तिच्याबरोबर आत जा, मला आत सोडत नाहीत. आणि तिला मला परत दे. एवढंच आहे."

वॉर्डबॉय भिंतीकडे बघत उभा होता. वन्संच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "एवढं सगळं होतं होय पोटात," त्या म्हणाल्या. दार उघडलं आणि गाडी आत गेली.

बाहेर लांब बाक होतं. ती एकटीच बसली. तासाभरानं पाळकसाहेब जिन्यानं वर आले. ते दर गुरुवारी आजाऱ्यांना भेटायला यायचे. तिला बघून थबकले, मग शेजारी बसले. तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं, शिंपीणबाईचं पान, तिसरा चौकोन, सगळं. आता ते सांगायला काही कठीणच राहिलं नव्हतं.

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. "अरेरे! बाई, आणि मी तो कागद तुमच्या गिऱ्हाइकांसमोर काढला. मी लगेच पंचांना सांगतो. म्हणजे… नियमाप्रमाणे नवा फॉर्म भरावा लागेल."

कडकबाईला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खदखदून हसू आलं. साहेबही ओशाळून हसले.

"भरू की. तुम्ही वाचा, मी सही करीन," ती म्हणाली. "रविवारी येऊन बसेन. मला माणसं लागतात, मी काही साध्वी नाही. पण साहेब, इतके दिवस मला वाटायचं नाव गेलं म्हणजे सगळं गेलं. तसं नाही ते. नाव होतं तेव्हाही माझ्यापाशी काही नव्हतं."

"मी तुमच्या वन्संसाठी प्रार्थना करू?"

"करा. माझं मागून झालंय, तुमचंही होऊ दे."

त्यांनी केली, चांगली केली. ‘आमचं ऐक’ची जागा आली तेव्हा तिनं ते म्हटलंही. मग ते दुसऱ्या वॉर्डाकडे गेले आणि बाक पुन्हा रिकामं झालं.

दुपारी दीड वाजता डॉक्टर बाहेर आले. टोपी हातात होती. आडपडदा न ठेवता बोलले, ते एक बरं केलं. गाठ पसरली होती. काढता आली नाही. उघडलं आणि शिवलं. आता औषध दुखण्यापुरतं. किती दिवस ते सांगता येत नाही, तीन महिने, चार.

"त्यांना कळलंय?"

"अजून गुंगीत आहेत. संध्याकाळी सांगू."

"मी सांगेन," कडकबाई म्हणाली. "तुम्ही नका सांगू."

वन्संना खोलीत आणून झोपवलं होतं. तोंड उघडं, श्वास घरघरत होता, हातात सुई. दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर पडलं होतं. कडकबाई दार लावून आत उभी राहिली. देवळात असं काही झालं की कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, त्याची इच्छा. तिनंही चार जणींना म्हटलं होतं तसं. आज ते म्हणायला कुणी नव्हतं, आणि कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याची गय केली नसती.

"तुला ऐकू गेलं नाही, असं मी म्हणणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "गेलं. मला कळलं तेव्हाच, की गेलं. तरी तू हे केलंस. का केलंस ते मला कळत नाही आणि मी कळल्याचं सोंग आणणार नाही, सोंगं पुष्कळ झाली माझी. मी रागावलेय तुझ्यावर. पण दुसरीकडे कुठे जाऊ? संध्याकाळी मला हिला सांगायचंय. तेव्हा तू इथे पाहिजेस. तिच्यासाठी नको तर माझ्यासाठी ये. मला एकटीला हे जमणार नाही. उद्या सकाळी मी परत येते, मग बाकीचं भांडू."

वन्संनी झोपेत मान हलवली. बाहेर कुणाची तरी ढकलगाडी गेली.

आमेन म्हणायला खोलीत दुसरं कुणी जागं नव्हतं. तिचं तिनंच म्हटलं.